समुद्रकाठचं पॅव्हेलियन आणि एक नाकारलेला अर्ज

न्यू जर्सीच्या अटलांटिक किनाऱ्यावर ओशन ग्रोव्ह नावाचं गाव आहे. मार्च 2007 मध्ये तिथे राहणाऱ्या दोन ज्येष्ठ स्त्रियांनी एक साधा अर्ज भरला. गावच्या बोर्डवॉकवर, म्हणजे वाळूला लागून असलेल्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर, एक पॅव्हेलियन आहे. वर छप्पर, बाजू उघड्या, आत बाकं, समोर समुद्र. लग्नांसाठी ते भाड्यानं मिळायचं. भाडं 250 डॉलर. या दोघींना सप्टेंबरमध्ये तिथे आपल्या सिव्हिल युनियनचा समारंभ करायचा होता. समलिंगी जोडप्यांना लग्नाचे जवळजवळ सगळे कायदेशीर हक्क देणारा हा कायदा न्यू जर्सीत 19 फेब्रुवारीला, म्हणजे जेमतेम महिनाभरापूर्वी लागू झाला होता. पॅव्हेलियनची मालकी ओशन ग्रोव्ह कॅम्प मीटिंग असोसिएशन या मेथडिस्ट परंपरेतल्या संस्थेकडे. संस्थेनं अर्ज नाकारला. असा समारंभ आपल्या जागेत होऊ देणं आपल्या श्रद्धेत बसत नाही, हे कारण.

हा अर्ज पुढची साडेपाच वर्षं सरकारी खाती, प्रशासकीय न्यायाधीश आणि केंद्रीय न्यायालयं यांच्यामध्ये फिरत राहिला. राजकारणात तर तो त्याहून दूर गेला. 2008 साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रद्द करणाऱ्या 'प्रपोझिशन 8'चा प्रचार झाला, तेव्हा चार हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेलं हे पॅव्हेलियन तिथल्या पत्रकांत अवतरलं. आज समलिंगी विवाह मान्य केलेत, तर उद्या चर्चची करमाफी जाईल, हा त्याचा सूर. विरुद्ध बाजूनं हेच प्रकरण धर्माच्या आडून केलेल्या भेदभावाचा नमुना म्हणून सांगितलं जात होतं.

कागदपत्रांच्या क्रमानं पाहिलं तर दोन्ही कथा अर्धवट ठरतात. या प्रकरणात कुठल्याही पाद्र्यावर कसलीच सक्ती झाली नाही. संस्थेची श्रद्धा खोटी आहे असंही कुणी म्हटलं नाही. संस्था हरली ती या अर्जाच्या अठरा वर्षं आधी तिनं स्वतः मागून घेतलेल्या एका सवलतीमुळे, आणि त्या सवलतीसोबत मान्य केलेल्या अटीमुळे.

कायद्याची यादी

अमेरिकेत 'पब्लिक अकॉमोडेशन' कायदे म्हणजे सर्वांसाठी उघडलेल्या जागांचे कायदे. दुकान, हॉटेल, नाटकगृह, पेट्रोल पंप: दार लोकांसाठी उघडलंत की आत कोण यायचं हे वर्ण, धर्म वगैरे पाहून ठरवता येत नाही. केंद्र सरकारचा यासंबंधीचा मुख्य कायदा 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा दुसरा भाग. त्याची व्याप्ती तशी मर्यादित आहे. खाणावळी, निवास, करमणुकीच्या जागा अशा काही ठरावीक ठिकाणांना तो लागतो. चर्च त्या यादीत नाही. लिंग किंवा लैंगिक कल हे आधारही त्यात नाहीत. त्यामुळे आजच्या बहुतेक लढाया राज्यांच्या कायद्यांवर लढल्या जातात, आणि राज्याराज्यांत बराच फरक आहे.

न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा 1945 पासूनचा, म्हणजे केंद्राच्या कायद्याहून जवळपास दोन दशकं जुना. लैंगिक कलाचा आधार त्यात नव्वदीच्या सुरुवातीला आला आणि सिव्हिल युनियनच्या कायद्यानं त्यात युनियनचा दर्जाही जोडला. त्यातली ठिकाणांची यादी लांबलचक आहे आणि समुद्रकाठच्या राज्याला शोभेल अशी आहे. सभागृह, हॉल यांच्या जोडीला बोर्डवॉक आणि समुद्रकाठच्या सोयीही त्यात नाव घेऊन सांगितल्या आहेत. सूट कुणाला, तर खऱ्या अर्थानं खासगी असलेल्या क्लबला आणि धर्मसंस्था चालवत असलेल्या शाळांना. 'धर्मसंस्थेची कोणतीही मालमत्ता' अशी सरसकट सूट त्या व्याख्येत नाही.

मग पाद्र्याचं काय? त्याचं संरक्षण या यादीवर अवलंबूनच नाही. कुणाचं लग्न लावायचं, कुणाला बाप्तिस्मा द्यायचा, वेदीपाशी कुणाला उभं करायचं, हे ठरवण्याचं धर्मगुरूचं स्वातंत्र्य थेट राज्यघटनेच्या, धर्मस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीतून येतं. सिव्हिल युनियन सुरू होण्याच्या तोंडावरच राज्याच्या अॅटर्नी जनरलनी सांगून टाकलं होतं की धर्मगुरूंना असे विधी करण्याची सक्ती नाही. मात्र जे महापौर किंवा सरकारी अधिकारी लग्नं लावतात, त्यांना यात निवड करता येणार नाही. पुढे समलिंगी लग्नाचा केक नाकारणाऱ्या बेकरच्या खटल्यात, 2018 च्या 'मास्टरपीस केकशॉप' निकालातही न्यायमूर्ती केनेडींनी हे गृहीत धरूनच लिहिलं की श्रद्धेविरुद्ध विवाह लावायला धर्मगुरूला भाग पाडता येणार नाही.

म्हणजे एका टोकाला वेदी, तिथे कायदा शिरत नाही. दुसऱ्या टोकाला दुकान, तिथे श्रद्धेची सबब चालत नाही. 1968 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या 'पिगी पार्क' या बार्बेक्यू खाणावळींच्या मालकानं कृष्णवर्णीयांना आत बसवून वाढणं आपल्या धर्माविरुद्ध असल्याचं सांगून पाहिलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते एका तळटीपेत फेटाळून लावलं होतं. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात: चर्चचा भाड्यानं दिला जाणारा हॉल, मठाची बाग, देवळाचं सभागृह. ओशन ग्रोव्हचं पॅव्हेलियन बरोबर या पट्ट्यात उभं आहे.

गाव की चर्च?

या संस्थेला ती जागा आपलीच का वाटत होती, हे समजायला गावाचा इतिहास पाहावा लागतो. आणि तो इतका चमत्कारिक आहे की थोडं रेंगाळायला हरकत नाही.

1869 मध्ये विल्यम ऑसबर्न आणि एलवूड स्टोक्स यांच्या पुढाकारानं मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी इथे तंबू ठोकले. उन्हाळ्यात मोकळ्यावर जमायचं, प्रवचनं ऐकायची, भजनं म्हणायची, शरीराला समुद्राची हवा आणि आत्म्याला विसावा द्यायचा, ही 'कॅम्प मीटिंग'ची कल्पना. 1870 मध्ये राज्य विधिमंडळानं संस्थेला सनद दिली आणि सनदेसोबत नगरपालिकेसारखे अधिकारही. नियम संस्था करणार, पोलीस संस्था नेमणार. 1894 मध्ये हजारोंना सामावणारं प्रचंड लाकडी सभागृह उभं राहिलं, ते आजही आहे. त्याच्याभोवती शंभरहून अधिक कापडी तंबू दर उन्हाळ्यात अजूनही लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबं त्यांत राहायला येतात. मागे व्हिक्टोरियन धाटणीची, नक्षीदार लाकडी सज्जांची घरं. घर तुमचं, पण जमीन संस्थेची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. अख्ख्या गावची जमीन अशीच.

रविवारी गावात वाहन चालवायला बंदी होती. शनिवारी मध्यरात्री रस्त्यांच्या तोंडाशी साखळ्या लागत आणि रविवार सरेपर्यंत गाड्या गावाबाहेर. हे काही एकोणिसाव्या शतकात संपलं नाही. 1970 च्या दशकापर्यंत चाललं. शेवटी 1979 मध्ये 'राज्य विरुद्ध सेल्मर' या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की एका धर्मसंस्थेच्या हाती कायदे करण्याची आणि पोलीस ठेवण्याची सत्ता देणं घटनेला धरून नाही. प्रशासन नेपच्यून टाउनशिपकडे गेलं. जमीन, किनारा, बोर्डवॉक मात्र संस्थेकडेच राहिले.

शंभराहून अधिक वर्षं जी संस्था एकाच वेळी देऊळ, जमीनदार आणि नगरपालिका होती, तिला 'ही जागा धर्माची' आणि 'ही जागा गावाची' यांतली रेघ कधी आखावीच लागली नव्हती. सेल्मर निकालानं ती वरून आखली, पण संस्थेच्या सवयीत ती उतरली असावी असं दिसत नाही. मला तरी 2007 च्या नकाराचं मूळ द्वेषापेक्षा या सवयीत जास्त दिसतं.

दरम्यान गाव बदलत होतं. पडझडीला आलेली घरं विकत घेऊन डागडुजी करणाऱ्या नव्या रहिवाशांत समलिंगी स्त्री-पुरुष बरेच होते, आणि गावाला पुन्हा रंगरूप आणण्याचं श्रेय त्यांना सर्रास दिलं जातं. म्हणजे अर्ज करणाऱ्या दोघी कुणी बाहेरून मुद्दाम खटला उभा करायला आलेल्या नव्हत्या. ज्या बोर्डवॉकवर रोज फिरायचं तिथलीच जागा त्यांनी मागितली होती.

1989 चा कागद

न्यू जर्सीत 'ग्रीन एकर्स' नावाचा एक सरकारी कार्यक्रम आहे. खासगी ना-नफा संस्थेनं आपली मोकळी जागा लोकांच्या विरंगुळ्यासाठी खुली ठेवली, तर त्या जागेवरचा स्थावर मालमत्ता कर माफ होतो. समुद्रकाठच्या जमिनीच्या किमती पाहता ही सवलत लहान नाही. 1989 मध्ये असोसिएशननं बोर्डवॉक, किनारा आणि पॅव्हेलियनसह त्या पट्ट्यासाठी ही करमाफी मागितली आणि मिळवली. अट एकच: जागा सर्वांना समान पायावर खुली राहिली पाहिजे.

पाणी मुरतंय ते इथे. चर्चच्या इमारतीला चर्च म्हणून करमाफी मिळतेच. त्यासाठी कुणालाही आत घ्यायची अट नाही. संस्थेनं या पट्ट्यासाठी वेगळा मार्ग निवडला. 'ही आमच्या उपासनेची जागा आहे' असं न म्हणता 'ही लोकांची जागा आहे' असं सांगून माफी घेतली. नंतर अनेक वर्षं वागणंही त्याला धरूनच होतं. पॅव्हेलियनमध्ये रविवारची उपासना व्हायची, मुलांचे बायबलचे वर्ग व्हायचे, पण संगीताचे कार्यक्रमही व्हायचे, पावसात कुणीही आडोशाला उभं राहायचं. आणि लग्नं व्हायची. लग्नासाठी जागा मागणाऱ्या जोडप्याला तुम्ही कोणत्या पंथाचे, ख्रिस्ती आहात का, विधी कुठल्या पद्धतीनं करणार, असं काही विचारलं जात नव्हतं. तारीख मोकळी आहे ना, पैसे भरले ना, झालं.

नकारानंतर

मार्चमध्ये नकार दिला आणि एप्रिलपासून असोसिएशननं पॅव्हेलियन कुठल्याच लग्नाला देणं बंद केलं. हे पाऊल नंतर महत्त्वाचं ठरलं, कारण त्याच सुमाराला दुसऱ्या एका जोडप्याचीही तक्रार होती. त्यांची विनंती धोरण बदलल्यानंतरची होती आणि त्यांच्या तक्रारीत राज्याच्या नागरी हक्क विभागाला तथ्य आढळलं नाही. सर्वांनाच नाही म्हणणं हा भेदभाव नव्हे. पहिल्या दोघींची तक्रार मात्र उभी राहिली. डिसेंबर 2008 मध्ये विभागानं तिच्यात सकृद्दर्शनी तथ्य असल्याचं सांगितलं.

तोवर दुसऱ्या खात्यानं हालचाल केली होती. ग्रीन एकर्सची माफी ठरावीक काळानं नव्यानं मागावी लागते. सप्टेंबर 2007 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यानं किनारा आणि बोर्डवॉकची माफी चालू ठेवली, फक्त पॅव्हेलियनची काढली. सर्वांना समान खुली नसलेली जागा या योजनेत बसत नाही, एवढंच म्हणणं. संस्थेला कराचं बिल आलं ते सुमारे 20 हजार डॉलरचं. प्रचारपत्रकांतली 'चर्चची करमाफी गेली' ती ही. धर्मसंस्था म्हणून असोसिएशनला असलेली करमाफी शाबूत होती, मोठ्या सभागृहाला धक्का नव्हता, किनाऱ्याची माफीही राहिली. गेली ती एका छपराखालच्या जागेची, आणि तीही अशा योजनेतून जिची अटच खुलेपणाची होती. हा बारकावा पत्रकात मावत नाही हे खरं, पण ज्यांनी पत्रकं लिहिली त्यांना तो ठाऊक नव्हता असं मानणं जड जातं.

असोसिएशननं ऑगस्ट 2007 मध्ये केंद्रीय न्यायालयात धाव घेतली होती. राज्याच्या चौकशीमुळे आपल्या धर्मस्वातंत्र्यावर गदा येते, असं तिचं म्हणणं. राज्यातली प्रक्रिया चालू असताना आम्ही मध्ये पडणार नाही, असा पवित्रा जिल्हा न्यायालयानं घेतला आणि 2009 मध्ये अपील न्यायालयातही संस्थेला ती चौकशी थांबवून घेता आली नाही. दोघींनी वाट पाहिली नाही. समारंभ त्यांनी त्याच गावात, मासेमारीच्या धक्क्यावर केला.

निकाल

प्रशासकीय न्यायाधीश सॉलोमन मेट्झगर यांचा निर्णय 12 जानेवारी 2012 चा. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'होझॅना-टेबर' खटल्यात एकमतानं ठरवलं होतं की चर्चनं आपला धर्मसेवक कोण असावा हे ठरवताना नोकरीतल्या भेदभावाचे कायदे आड येऊ शकत नाहीत. लागोपाठच्या दोन दिवसांत धर्मसंस्था एकीकडे पूर्ण जिंकते आणि दुसरीकडे हरते, यात विसंगती शोधणारे तेव्हाही होते. मला ती दिसत नाही. एक प्रश्न संस्थेच्या आतला होता, दुसरा भाड्यानं दिलेल्या जागेचा.

संस्थेच्या वकिलांच्या हाती एक भरभक्कम निवाडाही होता, आणि तो याच काउंटीतून गेलेला. मॉनमथ काउंटीतल्या एका स्काउट मार्गदर्शकाला तो समलिंगी असल्यामुळे काढून टाकलं गेलं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं स्काउट संघटनेला सर्वांसाठी खुल्या जागांच्या कायद्याखाली आणलं. आणि 2000 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी ते उलटवलं. संघटनेचा जो संदेश आहे त्याच्याशी विसंगत माणसाला आपल्यात घ्यायला सरकार भाग पाडू शकत नाही, असा तो 'बॉय स्काउट्स विरुद्ध डेल' निकाल. पॅव्हेलियनमध्ये सिव्हिल युनियन होऊ देणं म्हणजे आमच्या तोंडी आमचा नसलेला संदेश घालणं, असा असोसिएशनचा युक्तिवाद त्याच धर्तीचा.

मेट्झगर यांना तो पटला नाही. डेल प्रकरणात प्रश्न संघटनेत पदावर कोण असावं हा होता. इथे दोघींना संस्थेचं सभासदत्व नको होतं, संस्थेच्या पाद्र्यानं विधी करावा असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. पॅव्हेलियनमध्ये आजवर झालेल्या लग्नांकडे पाहून कुणी 'हे असोसिएशनचं मत' असं समजत नव्हतं. कायदा तटस्थ आहे, सर्वांना सारखा लागू आहे, धर्माला लक्ष्य करणारा नाही. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या 'स्मिथ' निकालापासून अशा कायद्यातून केवळ श्रद्धेच्या आधारावर सुटका मागता येत नाही. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: समान प्रवेशाचं वचन द्यायचं, कुठल्याही परंपरेतल्या स्त्री-पुरुष जोडप्यांना जागा भाड्यानं द्यायची, आणि मग या एका जोडप्यापुरता अपवाद करायचा, एवढी मोकळीक संस्थेला नव्हती.

पुढचं वाक्य प्रचारात कुणीच फारसं उचललं नाही. पॅव्हेलियनचा वापर कसा करायचा हे संस्था नव्यानं ठरवू शकते, हवं तर तिथे केवळ ख्रिस्ती विवाहसेवा चालवू शकते, असं न्यायाधीशांनी मान्य केलं होतं. म्हणजे सूट मिळवण्याचा रस्ता बंद नव्हता; तो रस्ता आधी धरायला हवा होता. दंड झाला नाही, नुकसानभरपाई नाही. चूक झाली असा निष्कर्ष नोंदवणं पुरेसं मानलं गेलं. ऑक्टोबर 2012 मध्ये नागरी हक्क विभागाच्या संचालकांनी तो निर्णय कायम केला.

संस्थेच्या बाजूनं

इथवर वाचून असोसिएशनची बाजू अगदीच लंगडी वाटेल. ती तशी नाही. पॅव्हेलियनमध्ये खरोखर उपासना होत होती. सकाळी जिथे प्रार्थना, तिथे संध्याकाळी संगीत, म्हणून सकाळची जागा पवित्र राहत नाही असं कुठल्याच धर्मातला माणूस मानणार नाही. आणि युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमग्रंथात समलिंगी विधी आपल्या चर्चमध्ये करू नयेत असा स्पष्ट नियम त्या काळी होता. तो 2024 च्या महापरिषदेत काढला गेला. 2007 च्या विश्वस्तांनी तो नियम नाकाराच्या क्षणी शोधून काढलेला नव्हता.

दुसरी अडचण व्यवहाराची. निकालाचा अर्थ असा होतो की धर्मसंस्थेनं सूट टिकवायची तर सुरुवातीपासून चौकशी करायला हवी: तुम्ही कोण, तुमचा पंथ कोणता, विधी कुठला. म्हणजे जी संस्था कमी प्रश्न विचारते, जास्त लोकांना सामावून घेते, तिची सूट आधी जाते. आणि जी दारातच चाळणी लावते ती सुरक्षित राहते. उदारपणाला शिक्षा आणि सोवळ्याला बक्षीस, असा हा उलटा न्याय. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं की उदारपणाचा मोबदला संस्थेला करमाफीच्या रूपानं मिळत होता, आणि तो कर गावातल्या इतरांच्या खिशातून भरून निघत होता. त्या इतरांत या दोघीही होत्या. पण समजा ग्रीन एकर्स नसतंच, पॅव्हेलियन नुसतं भाड्यानं दिलं जात असतं, तर? न्यू जर्सीच्या कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल बहुधा तोच लागला असता. मात्र तो मला आजच्याइतका स्वच्छ वाटला नसता.

पुढे कायदे कसे लिहिले गेले

राज्यांनी या प्रकरणातून जे घेतलं ते न्यायालयातल्या युक्तिवादापेक्षा उपयोगी ठरलं. 2009 मध्ये कनेक्टिकट, व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशायर, 2011 मध्ये न्यूयॉर्क: या राज्यांनी समलिंगी विवाहाचा कायदा करतानाच त्यात सूट लिहिली. धर्मगुरूला विवाह लावण्याची सक्ती नाही हे तर आलंच. शिवाय धर्मसंस्थेला विवाहविधीसाठी किंवा त्याच्या सोहळ्यासाठी जागा, सोयी, सेवा द्यायची सक्ती नाही, असंही आलं. डिसेंबर 2022 च्या केंद्रीय 'विवाह सन्मान' कायद्यातही ना-नफा धर्मसंस्थांसाठी जवळपास हीच भाषा आहे. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात तर ही कलमं मतं जुळवण्याची किल्ली होती. त्यांच्याशिवाय तिथल्या सिनेटमधले काही रिपब्लिकन सदस्य वळले नसते.

सूट संस्थेच्या स्वरूपाला चिकटते की कामाच्या, हा प्रश्न मात्र उरतोच. 2014 मध्ये आयडाहोतल्या कूर दालेन शहरात एक खासगी विवाह-चॅपल चर्चेत आलं. चालवणारं दांपत्य दीक्षित धर्मोपदेशक, पण धंदा नफ्याचा. शहराच्या नियमात धार्मिक महामंडळांना सूट होती. दांपत्यानं आपला व्यवसाय धार्मिक संस्था म्हणून नोंदवला आणि नियम तुम्हाला लागू नाही, असं शहरानं सांगितलं. तेच चॅपल, तोच विधी, फक्त नोंदणी बदलली. ओशन ग्रोव्हपेक्षा हे प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे निदान खरा प्रश्न विचारला गेला होता.

मुल्की, आणि एडिसन

भारतीय वाचकाला हा पेच नवा नाही, फक्त पात्रं निराळी. दक्षिण कानडातल्या मुल्कीचं वेंकटरमण मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचं. ज्यांचे पूर्वज गोव्यातून किनाऱ्यानं खाली उतरले तो समाज. 1947 च्या मद्रास मंदिरप्रवेश कायद्यानं दार सर्व हिंदूंना उघडलं, तेव्हा विश्वस्त म्हणाले की हे आमच्या संप्रदायाचं मंदिर, कुणाला घ्यायचं हा आमचा धार्मिक प्रश्न. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंदिर संप्रदायाचं आहे हे मान्य केलं, तरी प्रवेशाचा हक्क त्यावर वरचढ ठरवला. त्याच वेळी काही विशिष्ट विधी समाजापुरते राखायलाही मुभा दिली, इतरांच्या दर्शनाचा हक्क पोकळ होणार नाही एवढी काळजी घेऊन. नंतर 1966 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालानं अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींचा 'आम्ही हिंदूच नाही, म्हणून मंदिरप्रवेश कायदा आम्हाला लागू नाही' हा दावाही फेटाळला.

फरक मोठा आहे. आपल्याकडे सरकार थेट गाभाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन बोलतं, कारण अस्पृश्यतेचा इतिहास तिथेच होता. अमेरिकेत गाभाऱ्याला हात लावायचा नाही हे पक्कं, आणि सगळं भांडण देवळाला लागून असलेल्या मंगल कार्यालयाचं. देवस्थान ट्रस्टचं कार्यालय कुणाला मिळतं आणि कुणाला 'त्या तारखा भरल्यात' हे उत्तर मिळतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ओशन ग्रोव्हचा तिढा समजावून सांगावा लागणार नाही.

ओशन ग्रोव्हपासून तासाभराच्या अंतरावर एडिसन आहे. न्यू जर्सीच्या त्या भागात मराठी कुटुंबं भरपूर. गणपती, दिवाळी, मुंजी, लग्नं यांसाठी शाळांचे, चर्चचे, देवळांचे हॉल भाड्यानं घेणं रोजचं. ज्या देवळांनी आपली सभागृहं भाड्यानं द्यायला काढली आहेत, त्यांच्या विश्वस्तांनाही हाच कायदा लागतो. पुजाऱ्यानं कुणाचं लग्न लावायचं हे मंदिर ठरवेल. पण हॉलच्या अर्जावर कुणालाच काही विचारलं जात नसेल, आणि वाढदिवसापासून कंपनीच्या मेजवानीपर्यंत सगळं तिथे होत असेल, तर एखाद्याच जोडप्याला धर्माचं कारण दाखवणं अवघड जाईल. काय राखून ठेवायचं हे विश्वस्तांनी भाड्याचा फॉर्म छापण्याआधी ठरवावं, पहिला अडचणीचा अर्ज आल्यावर नव्हे.

ओशन ग्रोव्हच्या असोसिएशनपुढे पुढचा वाद रविवारचाच आला. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारपर्यंत किनारा बंद ठेवायची तिची जुनी प्रथा; 2023 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यानं किनाऱ्यावरच्या सार्वजनिक प्रवेशाच्या नियमांवर बोट ठेवून तो उघडायचा आदेश काढला. जमीन आमची खासगी आहे आणि रविवार आमच्या धर्माचा आहे, असं उत्तर संस्थेनं दिलं. 2024 च्या उन्हाळ्यात किनारा रविवारी सकाळी उघडला, संस्थेचा विरोध नोंदवून.